फळीवरचे चिमटे उतरवण्याआधी : मॉडेल विमान क्लबांच्या कार्यकारिणींना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य,
रेडिओ कंट्रोल विमानं उडवणारे सर्व क्लब

सप्रेम नमस्कार.

बहुतेक क्लबांमध्ये जुन्या फ्रिक्वेन्सीवरून 2.4 गिगाहर्ट्झवर जाण्याचं काम कधीच होऊन गेलं. जिथे राहिलं होतं तिथे आता ठराव होताहेत, आणि ठरावांची भाषा सगळीकडे जवळपास सारखीच असते : अमुक तारखेपासून मैदानावर फक्त 2.4चे सेट (हातातले ट्रान्समीटर) चालतील, मेगाहर्ट्झवाले सगळे जुने सेट बंद, आणि फ्रिक्वेन्सीची फळी उतरवून शेडमध्ये ठेवायची.

मी या बदलाच्या विरोधात आहे असा गैरसमज आधीच काढून टाकतो. दोन सोडली तर माझी सगळी विमानं 2.4वर आहेत आणि परत जायची माझी मुळीच इच्छा नाही. भांडण आहे ते ठरावातल्या एका गृहीतकाशी. धोका जुन्या फ्रिक्वेन्सीत होता, ती गेली की तोही गेला, असं तुम्ही धरून चालला आहात. माझ्या अनुभवात तो हवेतून उठून विमानाच्या पोटात जाऊन बसला. हवेवर लक्ष ठेवायला फळी होती. पोटात कोण डोकावणार, याबद्दल मी पाहिलेल्या एकाही ठरावात चकार शब्द नाही.

नव्या सभासदांपैकी अनेकांनी ही फळी वापरात पाहिलेलीच नाही, म्हणून थोडं सांगतो. एक लाकडी फळी, तिच्यावर चॅनेलचे आकडे, आणि प्रत्येक आकड्यापाशी कपडे वाळत घालायचा एक चिमटा. कुठे चिमट्याऐवजी खुंटी असायची, कुठे स्वतःच्या नावाचं कार्ड अडकवायची पद्धत. आपल्या चॅनेलचा चिमटा काढून अँटेनाला लावायचा आणि मगच सेट चालू करायचा. चिमटा जागेवर नसेल तर सेटच्या बटणाला हातही लावायचा नाही. अमेरिकेत विमानांसाठी 72 मेगाहर्ट्झचा बँड होता, 11 ते 60 असे 50 चॅनेल, दर दोन चॅनेलमध्ये 20 किलोहर्ट्झचं अंतर. युरोपात बऱ्याच देशांत 35 मेगाहर्ट्झ, तिथलं अंतर 10 किलोहर्ट्झ. ऑस्ट्रेलियात 36. देश कुठलाही असो, एका चॅनेलवर एका वेळी एकच माणूस.

त्यातही खाचाखोचा होत्या. साध्या रिसीव्हरची (विमानातला, संदेश ऐकणारा भाग) मधली फ्रिक्वेन्सी, म्हणजे आलेला संदेश तो आधी जिच्यावर उतरवून घेतो ती, 455 किलोहर्ट्झ असते. तिला 20ने भागा, पावणेतेवीसच्या आसपास उत्तर येतं. म्हणून 72च्या बँडवर एकमेकांपासून 22-23 चॅनेल दूर असलेले दोन सेट एकाच वेळी चालू केले, तर त्यांच्यातला फरक नेमका रिसीव्हरच्या कानात घुसू शकायचा, तुमचा स्वतःचा चॅनेल तिसराच असला तरी. जाणत्या क्लबांत हे गणित फळीवर लिहून ठेवलेलं असायचं. क्रिस्टल (चॅनेल ठरवणारा सुटा भाग) बदलताना ट्रान्समीटरचा रिसीव्हरमध्ये आणि रिसीव्हरचा ट्रान्समीटरमध्ये बसवून ‘सेट बिघडला’ म्हणत दिवसभर डोकं धरून बसलेले लोकही मी पाहिलेत. (त्यांतला एक मीच.)

आता या फळीमुळेच, खरं तर ती न पाळल्यामुळे, माझं एक विमान कसं गेलं ते ऐका. चार महिने खपून बांधलेलं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं, वरच्या पंखाचं विमान, तिसरंच उड्डाण. चिमटा माझ्याकडे होता. विमान वळणावर असताना एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) एकदम फडफडले, मग विमान उलटं झालं आणि मी सेटवरची काठी कुठेही नेली तरी त्याला काही ऐकूच येईना. जमिनीवर आदळल्याचा आवाज अर्ध्या सेकंदानं आला. तुकडे गोळा करायला पोचलो तर पार्किंगकडून एक नवखा मुलगा धावत मदतीला आला. गळ्यातल्या पट्ट्याला सेट लटकलेला, अँटेना पूर्ण बाहेर ओढलेला आणि मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात. सेट चालूच होता. गाडीपाशी उभा राहून तो आपल्या विमानाचा रडर (शेपटीचं सुकाणू) तपासत होता. चॅनेल आमचा एकच. त्याच्यावर मी तेव्हा काय काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण पुढे कळलं की सेट त्याला कुणीतरी वापरून झाल्यावर दिला होता आणि देणाऱ्यानं फळीबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं. हा मुलगा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

2.4नं हा एक अपघात जवळपास संपवला, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. 72चा अख्खा बँड जेमतेम 1 मेगाहर्ट्झ रुंद. 2.4चा बँड 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झ, म्हणजे 83 मेगाहर्ट्झहून जास्त जागा. रिसीव्हर आपल्या ट्रान्समीटरशी बाइंड झालेला, म्हणजे जोडी जमवलेला असतो, प्रत्येक संदेशासोबत त्या सेटची ओळख जाते, परक्याचं तो ऐकत नाही. 2005च्या सुमारास स्पेक्ट्रम या कंपनीचा या बँडवरचा सेट छोट्या विमानांसाठी आला, मागोमाग मोठ्या विमानांचेही आले. त्यांची सुरुवातीची पद्धत चालू होताना दोन मोकळ्या जागा शोधून तिथेच ठाण मांडायची. फुटाबा या दुसऱ्या कंपनीनं जागा सतत बदलत राहायची पद्धत आणली, आणि पुढे स्पेक्ट्रमही त्याच वाटेनं गेलं.

जागा बदलत राहायची ही कल्पना जुनी आहे. हेडी लमार ही हॉलिवूडची नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार, या दोघांना 1942 साली अमेरिकेत तिचं पेटंट मिळालं. रेडिओनं चालवलेला पाणतीर शत्रूला भरकटवता येऊ नये, म्हणून दोन्ही टोकांनी एकाच तालात फ्रिक्वेन्सी बदलायच्या. त्यासाठी आपोआप वाजणाऱ्या पियानोचा असतो तसला भोकं पाडलेला कागद, आणि फ्रिक्वेन्सी 88, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच. रेडिओ कंट्रोलचा एवढा देखणा पूर्वज आपल्याला लाभला आहे आणि आपल्या क्लबांच्या भिंतींवर मात्र फोटो असतात ते कार्यकारिणीचे. असो.

आता विमानाच्या पोटाकडे वळू.

2.4चा रिसीव्हर मी पहिल्यांदा बसवला तो एका जुन्याच विमानात. जुना काढला, त्याच फोमच्या घडीत नवा कोंबला, बॅटरी तीच ठेवली : चार सेलची, 4.8 व्होल्टची. सर्व्हो (एलेरॉन, रडर वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटरी) मात्र त्याच सुमारास डिजिटल घेतले होते. दोन उड्डाणं झकास झाली. तिसऱ्यात लूपच्या, म्हणजे उभ्या गोल फेरीच्या, तळाशी एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) जोरात ओढला, चारही सर्व्हो एकदम कामाला लागले आणि विमान गप्प झालं. फडफड नाही, कुरकुर नाही, काही नाही. आधीच्या घटकेला जे सांगितलं होतं तेच धरून ते सरळ गवतात शिरलं. जवळ जाऊन पाहिलं तर रिसीव्हरवरचा दिवा लुकलुकत होता. पुस्तिका उघडली तेव्हा त्या लुकलुकण्याचा अर्थ कळला : उड्डाणाच्या मध्येच वीज तुटून रिसीव्हर पुन्हा सुरू झाला होता.

झालं होतं ते असं. डिजिटल सर्व्हो जोर लावताना एकदम खूप करंट ओढतात. थकलेली चार सेलची बॅटरी, बारीक तारा आणि जुना स्विच यांच्यातून तेवढा येत नाही, आणि व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. जुन्या रिसीव्हरला त्याचं फारसं काही वाटत नसे. सर्व्हो मंदावायचे, पण ऐकणं चालू राहायचं. नव्या रिसीव्हरमध्ये प्रोसेसर आहे. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की तो बंद पडतो, पुन्हा जागा होतो, आपला ट्रान्समीटर शोधतो. आताचे रिसीव्हर हे पटकन करतात. माझ्या त्या पहिल्या रिसीव्हरला काही सेकंद लागायचे, आणि लूपच्या तळाशी काही सेकंद कुणाकडेच नसतात. मी मात्र त्या दिवशी मैदानावर सगळ्यांना ठासून सांगितलं की 2.4 बेभरवशाचं आहे. दोष माझ्या बॅटरीचा होता, आणि हे कबूल करायला मला एक अख्खा मोसम लागला.

म्हणून पहिली मागणी. 2.4वर आणलेलं प्रत्येक जुनं विमान उडण्याआधी क्लबमधल्या कुणीतरी जाणत्यानं त्याचा वीजपुरवठा तपासावा. साधी परीक्षा आहे : रिसीव्हरच्या मोकळ्या खाचेत व्होल्टमीटर लावायचा, दोन्ही काठ्या चहूकडे जोरात फिरवायच्या, एलेरॉन, रडर वगैरे हलते भाग हातानं थोडे अडवून धरायचे आणि काटा किती खाली जातो ते पाहायचं. पाच सेलची बॅटरी किंवा दमदार बीईसी (मोटरच्या बॅटरीतून रिसीव्हरला वीज पुरवणारा भाग) लावली की बहुतेकांचं काम होतं, मात्र सर्व्होंना तेवढं व्होल्टेज झेपतं ना, हे आधी पाहून घ्यावं. आणि जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीची काळी तार सोलून बघा. आत तांबं चमकण्याऐवजी काळपट भुगा दिसला तर ती तार, तो स्विच आणि ती बॅटरी, तिन्ही फेका.

दुसरी गोष्ट अँटेनाची, आणि इथे जुने लोक नव्यांपेक्षा जास्त चुकतात. 72 मेगाहर्ट्झची तरंगलांबी चार मीटरच्या वर, म्हणून रिसीव्हरची तार सुमारे मीटरभर लांब. ती शेपटीपर्यंत नेऊन बांधायची, उरलेली मागे लोंबकळू द्यायची. एवढ्या लांब तारेचा एखादा भाग कशाच्या तरी आड गेला तरी बाकीचा काम भागवून न्यायचा. 2.4ची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, आणि अँटेनाचं खरं काम करणारं टोक जेमतेम 31 मिलिमीटर. तुमच्या करंगळीहून लहान. मागची बाकीची तार ही नुसती वाहतुकीची केबल आहे. ते 31 मिलिमीटर बॅटरीच्या मागे, इंधनाच्या टाकीला चिकटून किंवा सर्व्होच्या तारांच्या गुंत्यात दडपले, तर विमान एका दिशेनं उत्तम ऐकेल आणि वळल्यावर बहिरं होईल. दोन टोकं असतील तर ती एकमेकांशी काटकोनात, शक्य तितकी दूर. कार्बन फायबर या लाटांना अडवतं. ज्या ग्लायडरचं नाक कार्बनचं, त्यात टोकं आत ठेवून उडवणं म्हणजे पत्र्याच्या डब्यात तोंड घालून हाका मारणं. अशा ग्लायडरांसाठी काचतंतूंची (फायबरग्लास) किंवा केव्हलारची नाकं निघाली ती उगाच नाही. टोकं बाहेर काढा, दोन बारीक भोकं पडल्यानं देखणेपण जात नाही.

एका सभासदानं, आमच्याच मैदानावर, लांबी जास्त वाटते म्हणून ते टोक कात्रीनं ‘नीट’ केलं होतं. रेंज चेकला (सेट दूर नेऊन विमान ऐकतं का ते जमिनीवरच पाहायची तपासणी) वीस पावलांवर विमान मुकं झालं. रेंज चेक केला म्हणून विमान वाचलं हे खरं, पण त्यानं तो केला कारण मी शेजारी उभा राहून हट्ट धरला. ‘2.4ला कसला रेंज चेक’ हे त्याचं त्या दिवशीचं वाक्य अजून माझ्या कानात आहे, आणि ते मी त्यानंतर कितीतरी मैदानांवर ऐकलं आहे. अँटेना आत ढकलून पावलं मोजायची सवय मोडली, कारण ढकलायला अँटेनाच राहिला नाही. पण नव्या सेटमध्येही ताकद कमी करून तपासायची सोय असते. पुस्तिकेत सांगितलेलं अंतर, बहुधा तीसेक पावलं, आणि विमान चारही बाजूंनी फिरवून, मोटर बंद असताना एकदा आणि चालू असताना एकदा.

कारण नवा सेट इशारा देत नाही. जुन्यात सिग्नल कमजोर झाला की सर्व्हो थरथरायचे, विमान अंग चोरायचं, आणि तुम्ही शहाणे असाल तर उतरवायचात. नव्यात शेवटच्या क्षणापर्यंत सगळं स्वच्छ, मग एकदम कुलूप. टेलिमेट्री (विमानाकडून सेटला उलट येणारी माहिती) असेल तर ती ओरडून सांगते, पण तिचा आवाज बंद करून ठेवणारे महाभाग कमी नाहीत.

फेलसेफबद्दल, म्हणजे सिग्नल तुटल्यावर विमानानं आपोआप काय करायचं त्याबद्दल, थोडक्यात सांगतो, कारण वाद घालण्यासारखं त्यात काही नाही. सिग्नल तुटला की थ्रॉटल (मोटरची किंवा इंजिनाची ताकद) बंद झालाच पाहिजे. बऱ्याच रिसीव्हरांत बाइंड करताना काठी जिथे असेल तेच फेलसेफ म्हणून नोंदलं जातं, काहींत ते वेगळं लावावं लागतं, आणि काही जण ते कधीच लावत नाहीत. इलेक्ट्रिक विमानाचा प्रोपेलर काढा, इंजिनवालं विमान दोघांनी धरा, थ्रॉटल थोडा द्या आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर फिरतच राहिली तर त्या दिवशी ते विमान उडणार नाही, मालक कार्यकारिणीत असला तरी.

आणखी एक नवा रोग म्हणजे मॉडेल मेमरी. एका सेटमध्ये वीस-तीस विमानं साठवता येतात, आणि गप्पांच्या नादात मागच्याच विमानाची मेमरी चालू राहते. काही सेट चुकीच्या जोडीला नकार देतात, सगळे देत नाहीत. एलेरॉन उलटे असलेलं विमान जमीन सोडेपर्यंत गुणी बाळासारखं वागतं. काठी उजवीकडे, उजवा एलेरॉन वर : हे मोठ्यानं म्हणून, डोळ्यांनी पाहून मगच धावपट्टीवर जायचं.

आता फळीकडे परत येतो. ती उतरवायची घाई का करू नये, याची दोन कारणं.

पहिलं म्हणजे तो मुलगा. क्लबचे जुने सभासद 2.4वर गेले की त्यांचे जुने सेट कुठे जातात? कपाटात राहतात, किंवा एखाद्या होतकरू मुलाला भेट म्हणून दिले जातात. म्हणजे जुन्या फ्रिक्वेन्सी हळूहळू अशा लोकांच्या हाती जमा होतात, ज्यांना चिमटा ही काय चीज आहे हेच ठाऊक नाही. मैदानावर दोनच जुने सेट उरले असले आणि ते एकाच चॅनेलवर असले, तर ते एकमेकांना तितक्याच सफाईनं पाडतील जितके पूर्वी पाडत. 2.4वाल्यांना त्यांचा उपद्रव नाही, त्यांना 2.4वाल्यांचा नाही. तेव्हा सरसकट बंदीची गरज नाही. जुना सेट आहे, देशाच्या नियमात तो अजून चालतो, रेंज चेकला उतरतो, तर चिमटा लावून उडवू द्या. मोकळ्या पडलेल्या जुन्या बँडवर एकटा माणूस आज पूर्वीपेक्षा सुरक्षित आहे. मीटरभर तार धडात कायमची चिकटवलेली असलेली काही स्केल विमानं (खऱ्या विमानांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती) चिरफाड न करता बदलताच येत नाहीत, त्यांचाही विचार व्हावा.

दुसरं कारण मला फार उशिरा उमगलं. फळी फ्रिक्वेन्सी सांभाळत होतीच, शिवाय ती नकळत रांगही लावत होती. चिमट्यासाठी थांबावं लागायचं, त्यामुळे आकाशात एका वेळी मोजकीच विमानं असायची. थांबलेला माणूस दुसऱ्याचं उड्डाण बघायचा, त्याला वाऱ्याची खबर द्यायचा. 2.4 आलं आणि ज्याला वाटेल त्यानं वाटेल तेव्हा चालू करावं असं झालं. गेल्या काही वर्षांत मी पाहिलेली विमानं फ्रिक्वेन्सीमुळे कमी आणि एकमेकांवर आदळून जास्त तुटली. फळी काढायचीच असेल तर तिच्या जागी निदान हवेत एका वेळी किती विमानं हा आकडा लिहिलेली पाटी लावा, आणि वैमानिकांनी एका रांगेत, एकमेकांच्या आवाजाच्या टप्प्यात उभं राहायची सक्ती करा. विखुरलेले वैमानिक एकमेकांना ‘उतरतोय’ म्हणून ओरडून सांगू शकत नाहीत.

सभासदांना काय घ्यावं असं विचारलं, तर शक्यतो क्लबचे प्रशिक्षक जे वापरतात तेच सांगा. 2.4 असलं तरी फुटाबाचा रिसीव्हर स्पेक्ट्रमच्या ट्रान्समीटरशी बोलत नाही, आणि शिकाऊ मुलाला शिक्षकाच्या सेटशी जोडताना हे चांगलंच नडतं. ज्यांच्या जुन्या ट्रान्समीटरच्या पाठीला निघणारं मॉड्यूल आहे, त्यांना फक्त मॉड्यूल बदलून तोच सेट 2.4वर नेता येतो. हाताला बसलेल्या काठ्या सोडायला नको वाटतं त्यांच्यासाठी हा उत्तम मार्ग. कॅमेरा लावून उडवणाऱ्यांना मात्र बजावा की कंट्रोल 2.4वर असताना चित्रही 2.4वर पाठवू नका. चित्र 5.8 गिगाहर्ट्झवर ठेवा. 900 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लांब पल्ल्याच्या सेटांना परवानगी देण्याआधी आपल्या देशात नेमकी कुठली पट्टी मोकळी आहे ते पाहा. युरोपात 868 आणि अमेरिकेत 915, एकाची दुसरीकडे चालत नाही.

माझे जुने दोन सेट अजून चालू आहेत. क्रिस्टल मूळचेच आहेत, बॅटऱ्या नव्या घातल्या आहेत, आणि तारा सोलून पाहिल्या आहेत. एकावर तीन मीटर पंखांचं ग्लायडर आहे, त्याची अँटेनाची तार शेपटीच्या आत बांधताना मीच चिकटवली होती. आमच्या क्लबात ठराव मंजूर झाला तर ते मी भिंतीवर टांगेन, तक्रार करणार नाही. नाही झाला तर येत्या रविवारी सकाळी लवकर येतो. आमची फळी आधीच शेडमध्ये मागच्या बाजूला, गवत कापायच्या यंत्राच्या पलीकडे ठेवली गेली आहे. माझ्या चॅनेलच्या चिमट्याची स्प्रिंग सैल झाली आहे, ती बदलायला एक चिमटा घरून आणतो.

कळावे,
आपला,
एक जुना सभासद